आकाशातले फेरफार



तळेगाव दाभाडे असो की मावळातले दुसरे कुठले गाव, जमिनीचा विषय निघाला की सातबारा पुढे येतो. एका गटावर दहा-बारा नावे असतात. ती कुठून आली हे पाहायचे तर एकेक फेरफार काढत मागे जावे लागते. नातवाकडून बापाकडे, बापाकडून आजाकडे. शेवटी सगळ्या वाटण्या मिटतात आणि एकच खातेदार उरतो. मग कळते, की आज बांधावरून भांडणारे सगळे एकाच घरचे!

आकाशातल्या दगडांचेही असेच फेरफार काढता येतात.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. १९१८ साली कियोत्सुगु हिरायामा या जपानी शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की त्यांतल्या काहींच्या कक्षा एकमेकींशी फारच जुळतात. सूर्यापासूनचे अंतर जवळपास तेवढेच, कलही तेवढाच. हा योगायोग नव्हे. एक मोठा दगड कधीतरी टकरीत फुटला आणि हे त्याचे तुकडे, असे त्यांनी मांडले व या गटांना कुटुंबे म्हटले. शब्द अगदी आपल्या घरातला!

पण वाटणी कधी झाली? समजा, दहा जण देवळाच्या दारातून एकाच वेळी प्रदक्षिणेला निघाले. कोणी झपझप चालतो, कोणी रमतगमत. तासाभराने सगळे पांगलेले दिसतात. मात्र प्रत्येकाची चाल ठाऊक असेल, तर हिशेब उलटा करून सगळे दारात एकत्र कधी होते ते काढता येते. लघुग्रहांचे तसेच. ते फिरतात तशा गुरू-शनीच्या ओढीने त्यांच्या कक्षाही हळूहळू वळत असतात, प्रत्येकीची चाल निराळी. फुटण्याच्या घडीला मात्र सगळ्या कक्षांचे तोंड एकाच दिशेला असणार. २००२ साली डेव्हिड नेस्वॉर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर असा उलटा हिशेब केला. कारिन नावाच्या लघुग्रहाच्या कुटुंबातल्या कक्षा सुमारे ५८ लाख वर्षांपूर्वी एका दिशेला आल्या. वाटणीची तारीख सापडली!

फार जुन्या वाटणीला हा हिशेब पुरत नाही. उन्हात तापलेला ओट्याचा दगड संध्याकाळी ऊब सोडतो, हे तुम्ही रोज अनुभवता. लघुग्रहही अशीच ऊब सोडतो आणि त्या उबेचा अगदी सूक्ष्म रेटा त्याला वाटेवरून सरकवतो. कोट्यवधी वर्षांत त्याने मागचे पाऊल पुसून जाते. पण त्यातूनच दुसरी खूण मिळते. उफणताना भूस लांब जाते, दाणे जवळ पडतात. तसे लहान तुकडे जास्त सरकतात, मोठे कमी. कुटुंब किती पसरले यावरून त्याचे वय काढतात.

आता आपल्या घरची गोष्ट. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात संत्र्यांच्या काटोल भागात मोठा आवाज होऊन आकाशातून दगड पडले. अशा दगडांना अशनी म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी ते गोळा केले. हे दगड ‘एल’ जातीचे निघाले. या जातीच्या मूळ दगडाची सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड टक्कर झाली होती. काटोलच्या दगडात तर पृथ्वीच्या पोटात खोलवरच्या दाबाखाली तयार होणारे खनिज सापडले. २०२१ साली ते प्रसिद्ध झाले. आकाशात मात्र तसा दाब टकरीच्या दणक्यातच येतो. म्हणजे वाटणीच्या भांडणाचा वण दगडाच्या अंगावरच होता!

२०२४ साली शास्त्रज्ञांनी आणखी एक धागा जोडला. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी सुमारे ७० टक्के अवघ्या तीन कुटुंबांतून येतात: कारिन, कोरोनिस आणि मस्सालिया. ‘एल’ जातीचे घर मस्सालियाचे. तेव्हा काटोलच्या शिवारात पडलेला दगड बहुधा त्याच घरचा.

हे जाणून आपल्याला काय मिळणार, असे कोणी विचारील. कोणत्या घरचे दगड आपल्या वाटेला येतात हे कळले, तर पुढे कोणावर नजर ठेवायची तेही कळते. आणि यात तुमचाही वाटा आहे. असा दगड कधी तुमच्या रानात पडला, तर घाबरू नका, शेंदूर फासू नका, फोडून वाटूनही घेऊ नका. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेकडून आला, आवाज कसा झाला, हे कागदावर लिहा, पडल्या जागी खूण करा आणि तहसील कचेरीत कळवा. त्या चार ओळींवरून त्याच्या वाटेचा उलटा हिशेब सुरू होऊ शकतो. जुनी नोंद नसली की जमिनीचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नकोच.