राघोबाचा दोष आनंदीबाईंच्या माथी

नाशिकहून गंगापूर रोडने निघालात की आनंदवल्ली लागते. पेशवाईत राघोबादादांचा मुक्काम इथे असे, आणि गावाचे नाव आनंदीबाईंवरून पडले असे सांगतात. पण मराठी भाषेने या बाईंची आठवण ठेवली ती ‘ध चा मा’ एवढीच. ‘नारायणरावास धरावे’ या हुकुमातले अक्षर त्यांनी बदलले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात कोवळ्या पेशव्याचा खून झाला, ही कथा शाळेतल्या पोरालाही पाठ असते. तिला भक्कम पुरावा नाही. पण घटकाभर खरी माना. मग ‘धरावे’ हा तरी हुकूम कोणाचा होता? आणि कथेतच पुतण्या कमरेला मिठी मारून जीव मागतो, तेव्हा काका काय करत होते?

दोषाचा उरलेला वाटा गारद्यांच्या गळ्यात. गारदी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर आपलाच माणूस उभा राहतो. त्या दिवशीच्या म्होरक्यांत महंमद युसूफ होता, तसेच सुमेरसिंग आणि खडकसिंगही होते. बारा वर्षांपूर्वी पानिपतावर मराठ्यांसाठी जीव देणारा इब्राहिमखानही गारदीच. पण तो वाक्प्रचारात आला नाही.

राघोबादादा भित्रे नव्हते. १७५८ साली लाहोरपर्यंत धडक मारलेला हा माणूस. त्यांना मारले ते ऐन वेळी मन दोन्हीकडे ओढले जाण्याने. १७६८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या धोडपला पुतण्या माधवरावाशी उभा दावा मांडला, हरले, कैदेत पडले. खुनानंतर पेशवाईची वस्त्रे मिळाली, पण रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते घेण्याची हिंमत नव्हती आणि निगरगट्टपणे राज्य करण्याचीही. मार्च १७७४ मध्ये कासेगावला त्र्यंबकराव पेठ्यांचा पराभव केला. पुणे घाबरले होते, वाट मोकळी होती. दादा वळले बुऱ्हाणपूरकडे! महिन्याच्या आत पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला आणि बारभाईंना हक्काचा धनी मिळाला. पुढच्या वर्षी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. त्या अक्षरांना कोणी बाईंनी हात लावला नव्हता.

खाडिलकरांनी या घरावर ‘भाऊबंदकी’ लिहिले. नाटकात दोलायमान नायक शोभतो, प्रेक्षक हळहळतात. गादीवर बसलेल्या माणसाचे दोलायमान असणे मात्र इतरांच्या जिवावर बेतते.

हे सगळे आज आठवण्याचे कारण घरचे आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका संस्थेत मुलींसाठी अकरावीचा वर्ग काढायचा ठराव तीन वर्षे ‘पुढच्या बैठकीत पाहू’वर अडकला आहे. ना होकार, ना नकार. नकार दिला असता तर आईबापांनी दुसरीकडे सोय तरी पाहिली असती. पहिल्या वर्षी वाट पाहत बसलेल्या मुलींपैकी दोघींची लग्ने झाली, एक घरी साडीला फॉल लावते. गेल्या जुम्याला मी अध्यक्षसाहेबांना गाठले. म्हणाले, “काय करणार भाई, आपल्या बायकांनाच नकोय.”

मी विचारले, बैठकीला एकही बाई होती का? ते चप्पल शोधू लागले.