केळीचे मळे आणि लोकशाहीचा पुळका

बलाढ्य देश दुसऱ्याच्या घरात हत्यारे घेऊन शिरतो तेव्हा तोंडाने एकच सांगतो, लोकशाही वाचवायला आलो. मी पडलो आकडेमोडीवर पोट भरणारा कारकून. भाषण ऐकले की मला आधी हिशेबाची वही बघावीशी वाटते. तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आज ग्वाटेमालाची वही उघडू या.

मेक्सिकोला लागून असलेला हा मध्य अमेरिकेतला लहान देश. १९५० च्या सुमारास तिथली सुमारे ७२ टक्के शेतजमीन दोन टक्के मालकांच्या हाती होती. राबणारे बहुतेक माया जमातीचे मूळ रहिवासी. सर्वात मोठा जमीनदार मात्र परका, अमेरिकेची युनायटेड फ्रूट कंपनी. केळीचे मळे तिचे, रेल्वे तिच्या मुठीत, बंदरही तिच्याच हातात. आणि तिची बहुतेक जमीन पडीक!

निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी १९५२ साली कायदा केला. मोठ्या मालकांची पडीक जमीन घ्यायची, भूमिहीनांना द्यायची. फुकट लुबाडायची नाही, मोबदला रोख्यांत द्यायचा. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली.

खरी मेख मोबदल्यात होती. किंमत कोणती धरायची? तर मालकाने स्वतः कर भरताना लिहून दिलेली. त्या हिशेबाने कंपनीच्या पहिल्या दोन लाखांहून जास्त एकरांचे ६ लाख २७ हजार डॉलर झाले. अमेरिकी सरकारने मागितले १ कोटी ५८ लाख. पंचवीस पट! घरपट्टी भरताना घर म्हणजे पडकी झोपडी आणि विकताना वाडा, हा आपल्याकडचा प्रकार तुम्ही पाहिला असेल. फक्त आपला घरमालक विमाने पाठवत नाही.

त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते जॉन फॉस्टर डलेस आणि सीआयए या गुप्तहेर खात्याचे प्रमुख त्यांचेच बंधू अ‍ॅलन. दोघेही पूर्वी ज्या वकिली पेढीत होते, त्या पेढीने याच कंपनीचे काम केलेले.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कम्युनिस्टांची भीती निव्वळ बहाणा नव्हती. कायद्याच्या कामात कम्युनिस्टांनी मदत केली होती आणि वॉशिंग्टनमधल्या अनेकांना ती भीती खरीच वाटत होती. पण संसदेत त्यांचे सदस्य होते फक्त चार.

जून १९५४ मध्ये कास्तियो आर्मास हा अधिकारी काही शे माणसे घेऊन होंडुरासमधून आत शिरला. पैसा, विमाने आणि खोट्या बातम्या देणारा रेडिओ, सगळे सीआयएचे. २७ जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. जमीन कंपनीला परत गेली, गरिबांच्या हातून काढून. आणि लोकशाहीचे काय? नव्या राजवटीने निरक्षरांचा मताचा हक्कच काढून घेतला, म्हणजे बहुसंख्य जनतेचा.

पुढे १९६० ते १९९६ यादवी चालली. सुमारे दोन लाख माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. ओळख पटलेल्यांपैकी ८३ टक्के माया होते, असे सत्यशोधन आयोगाने १९९९ साली नोंदवले. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमालात जाऊन कबूल केले की, अत्याचार करणाऱ्या लष्कराला अमेरिकेने पाठबळ दिले ही चूक होती. १९५३ साली ज्यांच्या हाती जमिनीचा कागद पडला होता, त्यांची पोरेही तोवर म्हातारी झाली होती.