छापील पूर्वज

कुटुंबाचा इतिहास एकदा छापून हाती आला की तो ज्या कागदांवरून लिहिला गेला त्यांची निकड संपली, असे घरच्यांना वाटू लागते. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण पुस्तक दिवाणखान्यात येते आणि पत्रांची पेटी माळ्यावर जाते. पुढच्या घरबदलीत ती माळ्यावरूनही जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन कुटुंबांविषयी आज लिहावेसे वाटते ते यासाठीच.

४ जुलै १८२५ रोजी स्टावांगर बंदरातून ‘रेस्टोराशोन’ नावाचे एक लहानसे गलबत ५२ माणसे घेऊन निघाले. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागले तेव्हा वाटेत जन्मलेल्या एका मुलीमुळे माणसे ५३ झाली होती. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन त्याच दिशेने गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर युरोपात आयर्लंडखालोखाल नॉर्वेचाच क्रम लागतो. २०२५ साली या प्रवासाला दोनशे वर्षे झाली, त्याच नावाच्या गलबताने पुन्हा अटलांटिक ओलांडला. अशा सोहळ्यांत ‘जतन’ हा शब्द फार ऐकू येतो. माझे भांडण त्या शब्दाशी आहे. जतन कशाचे? कुटुंबाच्या इतिहासाचे की कुटुंबाच्या कागदांचे? या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पहिलीच्या नावाखाली दुसरीचा बळी जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुटुंबेतिहासाच्या छापील पुस्तकाचा साचा ठरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीतला कुणी हौशी वंशज ते इंग्रजीत लिहितो. सुरुवातीला नॉर्वेतल्या शेतवाडीचे नाव, मग जहाज, मग गवताळ माळरानावरचे मातीच्या ढेकळांचे पहिले घर, पहिले चर्च, आठ-दहा मुले आणि शेवटी वंशवृक्ष. या वंशवृक्षाचाच पाया किती डळमळीत असतो पाहा. जुन्या नॉर्वेच्या खेड्यांत कायमचे आडनाव नव्हते. ओलेचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सदातर. आणि त्यापुढे ज्या वाडीवर राहायचे तिचे नाव. हे वाडीचे नाव आपल्या ‘सातारकर’, ‘चिपळूणकर’सारखे असले तरी एक फरक आहे. वाडी बदलली की नावही बदले. जमीनदाराच्या तुकड्यावर राबणारा ‘हुसमान’, म्हणजे खंडकरी कूळ, आयुष्यात दोनदा-तीनदा हलला तर नोंदवहीत दोन-तीन माणसे होऊन बसतो. नॉर्वेत वंशपरंपरागत आडनाव कायद्याने सक्तीचे झाले ते १९२३ साली. तोवर बहुतेक स्थलांतर होऊन गेले होते. आज संगणकावर एखादे ‘ओले ओल्सेन’ शोधून त्याच्याशी आपली फांदी जोडणारा वंशज बहुधा आपल्या इच्छेलाच पूर्वज मानत असतो. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९९८ पासून जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या महाजालावर खुल्या केल्या, हे मोठेच काम आहे. परंतु नोंदवहीत माणूस जन्मतो, लग्न करतो, मरतो आणि गाव सोडतो. बोलत मात्र नाही.

तो बोलतो पत्रात. ‘अमेरिका-पत्रे’ हा नॉर्वेच्या एकोणिसाव्या शतकातला, माझ्या मते, सर्वाधिक वाचला गेलेला गद्यप्रकार आहे. हार्डांगरहून १८३१ साली गेलेल्या येर्त होव्हलानच्या पत्रांच्या हस्तलिखित नकला खेडोपाडी फिरत होत्या. पत्र एका घराला आलेले असे, पण वाची ते सारी पंचक्रोशी. तेव्हा ‘खाजगी पत्र’ आणि ‘प्रकाशित लेखन’ ही आपली सोयीची विभागणी येथे निरुपयोगी ठरते. लिहिणाराला आपण गावासमोर बोलतो आहोत याचे भान असते. म्हणूनच तो काय लिहितो याइतकेच काय गाळतो हेही वाचावे लागते. मेलेल्या मुलाचा उल्लेख कितव्या ओळीत येतो, कर्जाचा येतो की नाही, गाईंची संख्या किती ठासून सांगितली आहे, हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे. इतिहासकाराने त्यातून गव्हाचा भाव उचलला म्हणजे पत्र संपत नाही.

भाषेचे तर विचारूच नका. ही पत्रे बरीचशी जुन्या गॉथिक वळणाच्या हस्ताक्षरात आहेत. ते वळण आज नॉर्वेतल्या सामान्य वाचकालाही लागत नाही. मोडीपुढे आपली जी गत होते तीच त्यांची. अमेरिकेतल्या वंशजाला लिपी आणि भाषा दोन्ही परक्या. हा दुरावा आपोआप आला असेही म्हणवत नाही. २३ मे १९१८ रोजी आयोवाच्या गव्हर्नराने फर्मान काढून शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक ठिकाणी आणि टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेला बंदी केली. रोख जर्मनवर होता, घाव नॉर्वेजियनवरही बसला. आयोवातल्याच डेकोरा गावातून १८७४ पासून निघणारे ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र तरीही टिकले; ते १९७२ साली बंद पडले. घरात भाषा मावळली की पत्रांचे इंग्रजी भाषांतर करून घेतात आणि काम झाले असे समजतात. आयनर हाउगेन यांनी १९५३ साली दोन खंडांत अमेरिकेतल्या नॉर्वेजियन भाषेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो वाचलेल्यांना या समजुतीतला विनोद कळेल. या माणसांनी कुंपणाला ‘फेन्स’, ओढ्याला ‘क्रिक’ असे इंग्रजी शब्द घेतले आणि त्यांना नॉर्वेजियन प्रत्यय लावून आपलेसे केले. परका देश वाक्यात कसा शिरत गेला याचा तो लेखी पुरावा आहे. इंग्रजी भाषांतरात हे इंग्रजी शब्द इंग्रजीत मिसळून दिसेनासे होतात! मूळ कागद हरवला की तो पुरावा कायमचा गेला.

आता एकाच पत्राजवळ थोडे थांबू. मिनेसोटातल्या कँडियोहाय परगण्यात राहणारी गुरी एन्द्रेसन रोसेलान ही हार्डांगरकडची बाई. ऑगस्ट १८६२ च्या डकोटा युद्धात तिचा नवरा आणि थोरला मुलगा मारले गेले, दोन मुली पळवल्या गेल्या आणि निसटून परतल्या. जखमी शेजाऱ्यांना बैलगाडीत घालून सुरक्षित स्थळी नेणारी वीरांगना म्हणून तिचे नाव झाले. १९०७ साली तिचे स्मारकही उभारले गेले. कुठल्याही कुटुंबेतिहासाला हेवा वाटावा अशी ही पूर्वज! पण तिने डिसेंबर १८६६ मध्ये नॉर्वेतल्या आईला आणि मुलीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात वीरांगना कुठेच नाही. धाकट्या मुलीला घेऊन आपण दोन दिवस-रात्री वेड्यासारखे त्या परिसरात भटकत होतो, मग जखमी मुलगा आणि आणखी एक-दोन माणसे भेटली आणि त्यांनी आम्हाला दूर नेण्यास मदत केली, एवढेच ती सांगते. तिच्या हकिकतीत मदत करणारे दुसरेच आहेत. पुढे गुराढोरांचा हिशोब येतो. हे विनयामुळे? आईला घाबरवायचे नाही म्हणून? की स्मारकाची कथा नंतर वाढत गेली? उत्तर काहीही असो, प्रश्न विचारता येतो तो पत्र शिल्लक आहे म्हणून. गुरीची फक्त छापील कुटुंबकथा उरली असती तर आपण मुकाट्याने स्मारक वाचत बसलो असतो.

आणि याच पत्राशेजारी दुसऱ्या बाजूचा कागद नाही, हेही बोलले पाहिजे. १८५१ च्या करारांनी डकोटांची जमीन गेली होती, कबूल केलेले वार्षिक पैसे १८६२ च्या उन्हाळ्यात वेळेवर पोचले नव्हते, माणसे उपाशी होती. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो येथे ३८ डकोटांना एकाच वेळी फासावर देण्यात आले आणि पुढल्या वर्षी त्या जमातीला मिनेसोटाबाहेर घालवण्याचा कायदा झाला. वंशवृक्षाच्या पुस्तकात जमीन बहुधा ‘मिळते’. कुणाकडून, हे वाक्यात येत नाही. मराठीत आपण याला कर्मणी प्रयोगाची सोय म्हणू. कॅरन हॅन्सन या अभ्यासिकेने २०१३ साली उत्तर डकोटातल्या स्पिरिट लेक राखीव क्षेत्राविषयी जे पुस्तक लिहिले त्याची सुरुवात घरातूनच होते: तिच्या पणजीने त्या राखीव क्षेत्रात जमीन घेतली होती. १९२९ पर्यंत तेथे डकोटांपेक्षा स्कँडिनेव्हियन लोकांच्या मालकीची जमीन अधिक झाली होती, हे तिने दाखवून दिले. कुटुंबाचा इतिहास असाही लिहिता येतो. त्यासाठी मात्र जमिनीचे कागद, आठवणी, पत्रे, आणि जे वाचून अवघडल्यासारखे होते तेही सांभाळलेले असावे लागते.

साहित्याचे लोक येथे म्हणतील की आमच्यासाठी कादंबरी पुरे. त्यांनी ओले रोल्वाग यांच्याकडे पाहावे. हा कोळ्याचा पोर १८९६ साली अमेरिकेत आला आणि पुढे मिनेसोटातल्या सेंट ओलाफ महाविद्यालयात प्राध्यापक झाला. त्याचे पहिले पुस्तक १९१२ सालचे, टोपणनावाने लिहिलेले ‘अमेरिका-ब्रेव्ह’. ते पत्ररूपच आहे. ‘जायंट्स इन द अर्थ’ या नावाने १९२७ साली इंग्रजीत गाजलेली त्याची कादंबरी १८७३ पासूनच्या माळरानावर घडते, म्हणजे त्याच्या जन्माआधीच्या काळापासून. तो काळ त्याला सासरे अँड्र्यू बेर्डाल आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणींतून मिळाला. त्या कादंबरीत पेर हान्साच्या जमिनीवर आदिवासीची कबर निघते आणि तो दुसऱ्यांच्या हक्काच्या खुंट्या उपटून जाळतो. सासऱ्यांच्या आठवणींकडे शौर्यगाथा म्हणून पाहणाऱ्याला हे सुचले नसते. आणि हाच लेखक १९२५ साली नॉर्थफील्ड येथे नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्था स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला चिटणीस झाला. कादंबरीकार हयातभर शिक्षण, लेखन आणि प्रकृती सांभाळून दप्तर गोळा करण्यात वेळ का घालवतो, याचा विचार आमच्या विभागांत कधी होत नाही. आपल्याकडे राजवाड्यांना इतिहासाच्या खात्यात ढकलून आपण मोकळे झालो, तसेच हे.

राहिला व्यवहाराचा मुद्दा. सगळेच कागद कुठे ठेवणार, असे विचारले जाते. कबूल, अभिलेखागाराची फडताळे अमर्याद नसतात. मग निवड करताना आधी बाहेर काय ठेवायचे? माझे उत्तर: छापील पुस्तक, कारण त्याच्या प्रती इतरत्र असतात. होते मात्र उलटेच. बांधीव पुस्तक नोंदवायला सोपे, त्याला शीर्षक आहे, लेखक आहे. चुरगळलेल्या, तारीख नसलेल्या चार पानांना काही नाही. दुसरे असे की ही पत्रे मुळातच विखुरलेली आहेत. अमेरिकेतून लिहिलेले पत्र नॉर्वेतल्या पेटीत गेले, तिकडचे उत्तर अमेरिकेतल्या. थिओडोर ब्लेगेन या इतिहासकाराने १९२८-२९ मध्ये नॉर्वेत जाऊन ही पत्रे शोधली. ओर्म ओव्हरलान आणि सहकाऱ्यांनी १९९२ पासून ओस्लोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पत्रे सात खंडांत छापली. ती सारी एका दिशेची. गावी राहिलेली आई, भाऊ, वाटणीवरून रुसलेली बहीण काय लिहीत होती, ते सापडायचे असेल तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटातल्या घरांतच सापडेल. म्हणजे आज जी पेटी ‘पुस्तक झाले, आता काय’ म्हणून निकालात निघते आहे, नेमक्या त्याच पेटीत उरलेला अर्धा संवाद असण्याचा संभव अधिक.

तेव्हा वंशजांनी सेंट ओलाफच्या ग्रंथालयात किंवा डेकोराच्या संग्रहालयात आपले देखणे पुस्तक जरूर द्यावे. पण त्यासोबत पेटीही द्यावी, लिफाफ्यांसकट, न निवडता. आजोबांच्या दारूचा उल्लेख असलेले पत्र आधी काढून घेऊ नये. आणि स्वीकारणाऱ्याने नोंद करताना पुस्तकाखाली ‘सोबत काही पत्रे’ असे न लिहिता प्रत्येक पत्राला, बिनतारखेच्या चार पानांनाही, स्वतंत्र क्रमांक द्यावा.