मेसमधलं सोयाबीन आणि आबांची पावडर

मंगळवारी मेसमध्ये सोयाबीनच्या वड्यांची भाजी असते. गेल्या सेमिस्टरपासून आमच्या विंगमधली जिमवाली मंडळी ती ताटात घेईनाशी झाली आहेत. का? तर म्हणे सोयाबीनमध्ये 'लेडीज हार्मोन' असतं, खाल्लं की छाती सुटते आणि टेस्टोस्टेरॉन घसरतं! मेसच्या काकांनी बिचाऱ्यांनी मसाला बदलून पाहिला, पण पातेलं भरलेलंच परत जातं.

आमच्या घरी बरोबर उलटी तऱ्हा. आबा, म्हणजे माझे आजोबा, दोन वर्षं प्रोस्टेटसाठी कसलीतरी वनस्पतींची पावडर घेत होते. कुणालाही न सांगता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रात्री दोन वाजता त्यांची लघवी पूर्ण अडली. मी आणि बाबांनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. नळी घातल्यावर जवळजवळ एक लिटर लघवी निघाली. आबा कण्हत नव्हते, नुसते छताकडे बघत होते. ते मला अजून आठवतं.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रनलिका तिच्या मधून जाते. पन्नाशीनंतर साधारण निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी वाढू लागते आणि ऐंशीनंतर बहुतेकांत वाढलेली असते. हा कॅन्सर नव्हे, पण नळी आवळली जाते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकलोच आहोत की पाइपची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. शरीर काही पुस्तकातला सरळ पाइप नाही, पण कल्पना यावी म्हणून सांगितलं.

आता त्या 'लेडीज हार्मोन'बद्दल. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन असतात, जवसात लिग्नन. त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती, म्हणून इस्ट्रोजेनच्या कुलपात ही किल्ली थोडीफार बसते. बाधत नाहीच असंही नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाचा चारा खाऊन मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, आणि खच्ची केलेले नर लघवी अडून मेले. पण त्या मेंढ्यांचं सकाळ-संध्याकाळ तेच जेवण होतं! आपल्या ताटात आठवड्यातून एकदा चार वड्या पडतात. २०१० आणि २०२१ मध्ये अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासले गेले, तेव्हा सोयाबीनने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर काही परिणाम दिसला नाही. अमेरिकेत एका साठ वर्षांच्या गृहस्थांची छाती वाढल्याची नोंद आहे खरी, पण ते रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होते.

गंमत म्हणजे याच मंडळींपैकी दोघं केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड घेतात. हे औषध खरोखर हार्मोनच्या कारखान्यात हात घालतं. तेच जास्त डोसमध्ये प्रोस्टेट लहान करायला देतात. पण गोळीला कोणी घाबरत नाही, भाजीला घाबरतात. असो.

पावडरवाल्यांच्या आशेलाही आधार होता. १९९६ मध्ये उंदराच्या प्रोस्टेटमध्ये इस्ट्रोजेनचं दुसरं कुलूप सापडलं, बीटा नावाचं, आणि जेनिस्टीन त्यालाच जास्त चिकटतं. हे कुलूप वाढीला ब्रेक लावत असावं, म्हणून वनस्पतींकडे लक्ष गेलं. २००८ मध्ये जवसाच्या अर्काचा चार महिन्यांचा प्रयोग झाला, रुग्णांचा त्रास कमी झाला. पण ज्यांना खोटं औषध दिलं होतं त्यांचाही थोडा कमी झाला! सॉ पाल्मेटो ही अमेरिकेतली ताडाची जात. ती काही सोयाबीनच्या गटातली नव्हे, पण प्रोस्टेटच्या डब्यांवर तिचं नाव हमखास असतं. २००६ मध्ये वर्षभर आणि २०११ मध्ये तिप्पट डोसपर्यंत देऊन पाहिली, खोट्या औषधापेक्षा सरस ठरली नाही.

मला पावडरीचा राग नाही. बरं वाटणं खोटं नसतंच. पण आबांना बरं वाटत होतं तेव्हा मूत्राशय मात्र पूर्ण रिकामं होत नव्हतं, आणि ते आतल्या आत कळत नाही. पावडर होती म्हणून डॉक्टर नको, आणि डॉक्टर नको म्हणून कुणाला सांगायलाही नको. माझा राग आहे तो या गुपचूपपणावर.

त्या रात्री डॉक्टरांनी विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठतात?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. एका घरात राहून दोघांनाही माहीत नव्हतं. फोनवर आजीला विचारलं, ती म्हणाली, "चार-पाच वेळा. दोन वर्षं झाली. पण मी कशी सांगू?" मी तरी कसा विचारणार होतो म्हणा. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं 'मे आय गो टू द टॉयलेट' म्हणण्यात गेली. 'लघवी' हा शब्द मोठ्यांसमोर मी पहिल्यांदा उच्चारला तो त्या कॅज्युअल्टीत.

आबांची नळी काही दिवसांनी निघाली, आता गोळ्या चालू आहेत. भाकरीबरोबर जवसाची चटणी ते अजून खातात. खाऊ देत, चटणी चांगलीच लागते. रविवारी मी फोन करतो आणि विचारतो, "आबा, रात्री किती वेळा?" ते खेकसतात, "तुझ्या बॅकलॉगचं बघ आधी!" आणि मग आवाज खाली आणून सांगतात, "दोनदा."