लहरींचाही शेजार असतो

मुलुंड-बोरिवलीच्या घरांत हल्ली एक नवा पाहुणा मुक्कामाला आला आहे. मुठीएवढा पांढरा ठोकळा. भिंतीच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा, त्यात गिझरची किंवा दिव्याची पिन बसवायची आणि मोबाइलवरून बटण दाबायचे. त्याला स्मार्ट प्लग म्हणतात. ज्यांची मुले परदेशी आहेत, अशा घरांत ही निव्वळ चैन राहिलेली नाही. आईने गिझर बंद केला की नाही, हे मुलगा न्यू जर्सीतून पाहतो आणि राहिला असेल तर तिथूनच बंद करतो. पण नेमका गरजेच्या वेळी प्लग ‘ऑफलाइन’ होतो. राउटर दिवाणखान्यात, प्लग न्हाणीघराजवळ आणि मध्ये तीन भिंती!

यावर एक उपाय हल्ली हौशी मंडळी सुचवतात. प्लग उघडायचा, आतली अँटेना तोडायची आणि तिथे तारेची किंवा बाहेर काढलेली मोठी अँटेना जोडायची. मी इंजिनिअर नव्हे. बँकेत नोकरी केली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण जमाखर्च मांडायची सवय जात नाही, म्हणून या उपायाचाही मांडून पाहिला.

जमेची बाजू खरी आहे. हे प्लग २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. त्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर तार अँटेना म्हणून पुरते. प्लगमध्ये तेवढीही जागा नसते, म्हणून आतल्या पट्टीवर तांब्याची नागमोडी रेघ काढून भागवलेले असते. चांगली अँटेना लावली, तर पल्ला वाढतो हे खोटे नाही. राउटर कितीही मोठ्याने ओरडला, तरी प्लगचे क्षीण उत्तर त्याला ऐकू यावे लागते. प्लगची चांगली अँटेना बोलणे आणि ऐकणे, दोन्हींना मदत करते. मात्र अँटेना नवी ताकद निर्माण करत नाही. ती फक्त खातेबदल करते. एका दिशेला जास्त जमा झाले की दुसऱ्या दिशेला तेवढे नावे पडते.

आता खर्चाची बाजू. अनेक स्वस्त प्लगांमध्ये आतले सर्किट २३० व्होल्टच्या लाइनपासून वेगळे केलेले नसते. प्लॅस्टिकचे कवच हेच काय ते संरक्षण. त्या कवचाला भोक पाडून धातूची अँटेना बाहेर काढली, म्हणजे घरातल्या कुणाच्याही हाताला लागेल अशा जागी मुख्य लाइनचा करंट आणून ठेवला. प्लग नीट चालेल, सिग्नलही वाढेल आणि ओल्या हाताने कुणीतरी त्या दांड्याला स्पर्श करील. ज्या आईच्या काळजीपोटी प्लग बसवला, तिच्याच हाताशी हा धोका ठेवायचा? माझ्या मते हा व्यवहार बुडीत खात्यात जाणारा आहे.

मग करायचे काय? खोडदला पाहा. नारायणगावाजवळच्या या गावी प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, विश्वातली अतिक्षीण कुजबुज ऐकणाऱ्या. एवढ्या प्रचंड अँटेना बांधायच्या असूनही शास्त्रज्ञांनी जागा पारखून घेतली. शहरांचा रेडिओ-गोंगाट जिथे कमी, असा परिसर त्यांनी निवडला. आपल्या दोन खोल्यांनाही हाच नियम लागू आहे: आधी जागा पाहावी.

राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवावा. आरसीसीच्या खांबातल्या सळ्या, फ्रिज, गिझरची टाकी, माळ्यावरची पाण्याची टाकी हे सारे लहरींचे अडसर. परावर्तित लहरी एकमेकींना मारक ठरतात, तेव्हा प्लग वीतभर हलवल्यानेही फरक पडतो. दिव्यासारख्या किरकोळ उपकरणाचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन अडसरापासून दूर नेता येतो. गिझरला मात्र हा प्रयोग करू नये. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर करंट ओढतो. त्याला भिंतीतला १६ अँपिअरचा पॉइंट आणि तेवढ्याच क्षमतेचा प्लग हवा. तिथे राउटर हलवावा किंवा मधल्या खोलीत रिपीटर बसवावा.

आणि एक शेजारधर्माची गोष्ट. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे घाटकोपर-अंधेरीच्या गच्च्यांवर अँटेनांचे रान माजले. ज्याचा पाइप उंच, त्याचे चित्र स्वच्छ. पण त्या अँटेना फक्त ऐकत होत्या. शेजाऱ्याने पाइप वाढवला म्हणून आपले चित्र बिघडत नव्हते. आजची उपकरणे ऐकतात तशी बोलतातही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५मध्ये परवान्यातून मुक्त केला, तो ताकदीची मर्यादा घालूनच. आणि त्या मर्यादेत अँटेनाचा परिणामही मोजला जातो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल रूढ अर्थाने तीनच: १, ६ आणि ११. टॉवरच्या एका मजल्यावर चार आणि वर-खाली आणखी आठ राउटर असले, की प्रत्येकाने आवाज चढवून कुणाचेच भले होत नाही. पाण्याच्या लाइनला खासगी पंप लावणाऱ्याशी सोसायटी भांडते. हवेतली लाइनही तशीच सामाईक आहे. कमिटीच्या सभेत दहा मिनिटे काढून कुणी कोणता चॅनेल घ्यायचा हे ठरवले, तर पैही खर्च होणार नाही.

इतके करूनही प्लग कधीतरी गप्प बसेलच. वीज जाईल, इंटरनेट जाईल. म्हणून गिझरचा थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तपासून घ्यावा, आणि घराची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवावी. न्यू जर्सीतल्या मुलाने त्यांचा नंबरही मोबाइलमध्ये जपून ठेवावा.