शेवटचा फर्मा

संपादकीय नेहमी शेवटी लिहिलं जातं. कथा, लेख, व्यंगचित्रं यांचे फर्मे गणपतीपासूनच छापून पडलेले असतात. हा एक फर्मा गेला की चार दिवसांत दिवाळी अंक हातात येतो आणि लोक म्हणतात, काय झटपट काढता हो तुम्ही!

काँक्रीटच्या कामातही फर्मा असतो, म्हणजे साचा. प्रीकास्ट पुलाचे तुकडे यार्डात साच्यात ओततात, वाफ देऊन लवकर घट्ट करतात, नंबर टाकून ठेवतात आणि रात्री ट्रेलरवरून आणून जागी बसवतात. इकडे पाया खणला जात असतो तेव्हा तिकडे पुलाची पाठ तयार होत असते. घोडबंदरला मेट्रोच्या गर्डरमागे अडकलेल्या ठाणेकराला हे नव्यानं सांगायला नको.

आम्हा डोंबिवलीकरांना मात्र आठवतो तो कल्याणचा पत्रीपूल. 1914 सालचा तो पूल 18 नोव्हेंबर 2018 ला उतरवला, भाऊबीज उलटून नऊ दिवस झाले होते. नवा गर्डर लोखंडी, सुमारे 77 मीटर लांब, तोही हैदराबादहून तयार होऊन आलेला. नोव्हेंबर 2020 मध्ये शनिवार-रविवारचे ब्लॉक घेऊन तो रुळांवरून सरकवला. पूल खुला झाला 25 जानेवारी 2021 ला. सरकवायला मोजके तास, पण मधल्या दोन दिवाळ्या शेजारच्या एकाच पुलावर हॉर्न वाजवण्यात गेल्या. कल्याणला फराळाचा डबा पोचवायला निघालेला माणूस गाडीतच निम्म्या चकल्या संपवायचा.

महाडचा सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 5 जून 2017 ला सुरूही झाला. कौतुक रास्तच. पण तारखा मोजा: मधले दिवस 307. त्यातले जवळजवळ निम्मे दिवस काम सुरू होण्याआधीच सरले.

आंबिवलीचं उदाहरण मला जास्त आवडतं. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत 23 जीव गेले, त्यानंतर लष्करानं तीन पादचारी पूल बांधले. त्यातला एक आपल्या आंबिवलीत. फेब्रुवारी 2018 च्या अखेरीस तिन्ही सुरू झाले. हे बेली पूल; त्यांची चौकट सहा माणसांनी उचलावी अशीच आखलेली, खिळ्या ठोकल्या की जोडली. युद्धासाठी आखलेली ती वस्तू; तिथं पूल पडणार हे आधीच धरून चालतात. आपल्याकडे तो पडल्यावर फाईल उघडते, आणि मग सगळी घाई जागेवरच्या माणसांच्या माथी येते.

शहापूरजवळ सरळांबे इथं 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गाच्या पुलावर तयार गर्डर चढवणारं अजस्र यंत्रच कोसळलं. 20 माणसं गेली. काम रात्रीचंच होतं.

बाइंडरचा फोन येऊन गेला. टेम्पो कल्याणहून पत्रीपुलावरूनच येईल. वाटेत किती अडकेल, ते त्यालाही माहीत नाही.