विद्यापीठ बांधावर येते, फळ्यापर्यंत का येत नाही?

मुसलमानांच्या शिक्षणाची चर्चा निघाली की आपल्याकडे दोनच वाद रंगतात. मुलांना उर्दू माध्यमात घालावे की मराठी, हा पहिला. मदरशांचे काय करावे, हा दुसरा. पहिल्या वादात आपल्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. दुसऱ्यातली हवा सच्चर समितीने २००६ सालीच काढून घेतली. शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात जातात, हे तिने आकड्यांनिशी दाखवले. म्हणजे बाकीची मुले शाळेत आहेत, नाहीतर शाळेबाहेर आहेत. जी शाळेत आहेत त्यांच्यासमोर रोज जो माणूस उभा राहतो, त्याला कोणी तयार केले? कसे तयार केले? आणि नेमणुकीनंतर त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले? हा तिसरा प्रश्न शासनाने विचारला नाही, विद्यापीठाने विचारला नाही आणि समाज म्हणून आपणही विचारला नाही. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक आहोत, म्हणून आम्हीच तो विचारतो आहोत.

शासनाजवळ या प्रश्नाचे एकच तयार उत्तर असते: परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, म्हणजे टीईटीबाबत, निकाल दिला. त्या खटल्याचे नावच पाहा: अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन. सेवेची पाचपेक्षा अधिक वर्षे उरलेल्या जुन्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी, असे त्यात ठरले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. परिणाम असा झाला, की ट्रस्टच्या शाळेतल्या शिक्षकाला 'थांबा' म्हटले गेले आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतल्या शिक्षकाला 'अभ्यासाला बसा'. मुले मात्र दोन्हीकडे एकाच मोहल्ल्यातली.

परीक्षेला आमचा विरोध नाही. शिक्षकाला विषय आला पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण दीडशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के गुण, यातून शिक्षक मोजला जातो, घडत नाही. काट्यावर चढवल्याने कापसाचे वजन वाढत नसते. आणि काट्यावर तरी विश्वास किती ठेवायचा? याच टीईटीतला गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आला आणि २०२२ मध्ये सात हजार आठशेच्या आसपास उमेदवारांवर कारवाई करण्याची पाळी परीक्षा परिषदेवर आली.

मग शिक्षक घडतो कुठे? महाराष्ट्रातल्या सुमारे तीनशे डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तपासलेल्यांपैकी बहुसंख्य महाविद्यालये मान्यतेच्या लायक नाहीत, असे आयोगाने सांगितले. पुढे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवासाठी वीस आठवडे ठरले. कागदावर हे चांगलेच झाले. प्रत्यक्षात काय होते? विद्यार्थी-शिक्षक शाळेत येतो, वहीत पाठ टाचण उतरवतो, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घेतो. निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांना उर्दू वाचता येत नाही. उर्दूतून दिलेल्या पाठाचे ते काय निरीक्षण करणार? 'फलकलेखन ठीक' असा शेरा मारून ते पुढच्या शाळेत जातात. आमच्यापैकी अनेकांनी बी.एड. केले मराठीतून, शिकवतो उर्दूतून. तिथे अपूर्णांक आणि क्षेत्रफळ शिकलो, वर्गात 'कसर' आणि 'रकबा' शिकवायचा. या दोहोंमधला पूल प्रत्येकाने आपापला, एकट्याने बांधायचा.

नेमणुकीनंतर प्रशिक्षणे होत नाहीत असे नाही. उलट फार होतात. राज्यस्तरावर ऐकलेले जिल्ह्यात, जिल्ह्यात ऐकलेले तालुक्यात, तालुक्यात ऐकलेले केंद्रात. आमच्यापर्यंत येते तोवर त्यातले सत्त्व गळून फक्त प्रपत्रे उरतात. २०१९ मध्ये 'निष्ठा' आले, पुढच्या वर्षी ते 'दीक्षा'वर ऑनलाइन गेले. प्रमाणपत्रे वाढली, वर्ग होता तिथेच राहिला. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी २०२२ मध्ये शिक्षकांकडून दोन हजार रुपये शुल्क घेऊन ऑनलाइन प्रशिक्षण दिले गेले. पगारवाढीची अट म्हणून घेतलेल्या प्रशिक्षणात शिक्षक काय शोधणार? शेवटचे बटण.

आता उर्दू वर्गात नेमके काय अडते ते सांगतो. घरी दख्खनी, शाळेत किताबी उर्दू, बाजारात मराठी, अशा तीन भाषांत आमचे मूल वाढते. उर्दू लिहिताना जेर, जबर, पेश सहसा देत नाहीत, शब्दातला ऱ्हस्व स्वर मूल संदर्भाने ओळखते. देवनागरीत प्रत्येक स्वराला काना, मात्रा, वेलांटी आहे. मराठी लिहिताना हे मूल वेलांटी गाळते तेव्हा ते आळशी नसते. एका लिपीची सवय ते दुसऱ्या लिपीत नेत असते. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. किताब स्त्रीलिंगी, म्हणून ते 'पुस्तक चांगली आहे' म्हणते. उर्दूतले वाक्य उजवीकडून डावीकडे जाते, त्यातली संख्या मात्र डावीकडून उजवीकडे. पहिली-दुसरीतल्या मुलाचा डोळा तिथे अडखळतो. उर्दूत 'हम' एकच, मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. हे भेद आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नाहीत. मुलांच्या वह्या तपासता तपासता ते आम्हाला दिसले. सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. त्याचे आम्ही स्वागतच करतो, कारण आमच्या मुलांना या मातीत मराठीवाचून भवितव्य नाही. पण मराठी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकवायची, याची पद्धत आमच्या हाती कोण देणार? मुलाची चूक कुठून येते हे ज्याला कळते तो शिक्षक. हे कळण्यासाठी संशोधन लागते, आणि संशोधन हे विद्यापीठाचे काम आहे.

इथे आमच्या परभणीचेच उदाहरण घ्या. पोखर्णी हे परभणी-गंगाखेड रस्त्यावरचे, नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे गाव. इथल्या शेतकऱ्यासमोर 'विद्यापीठ' म्हटले की त्याला परभणीचे कृषी विद्यापीठच आठवते. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाची कामे तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. तिसरा शब्द महत्त्वाचा. वर्धापनदिनी १८ मेला खरिपाचा शेतकरी मेळावा, मराठवाडा मुक्तिदिनी १७ सप्टेंबरला रब्बीचा. शास्त्रज्ञ शिवारात येतात, बांधावर उभे राहून रोग पाहतात, पान खुडून नेतात. 'परभणी क्रांती' भेंडी आणि 'परभणी मोती' ज्वारी अशा कामातून लोकांपर्यंत पोचली. २०१८ मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी आली, ती हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या भागीदारीतून. शेतकऱ्याचे सगळे दुःख यातून सरले, असा दावा आम्ही करत नाही. मराठवाड्यात राहून तो कोणी करूही नये. पण पीक वाळले तर आधी शेतकऱ्याची परीक्षा घ्या, असे कृषी विद्यापीठ म्हणत नाही. ते माती तपासते.

ज्वारीच्या दाण्यासाठी परभणी आणि हैदराबाद एकत्र येतात. मग शिक्षकासाठी नांदेड आणि हैदराबाद का येत नाहीत? नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, परभणी जिल्हा त्याच्याच कक्षेत आहे आणि इथल्या बी.एड.च्या पदवीवर त्याचाच शिक्का असतो. हैदराबादला १९९८ मध्ये संसदेच्या कायद्याने मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरला त्याचे अध्यापक महाविद्यालय आहे. एकाकडे प्रदेश आहे, दुसऱ्याकडे भाषा. उर्दू शिक्षकाला दोन्ही लागतात, आणि तो या दोघांच्या मधल्या पट्टीत उभा आहे.

सेवेतला शिक्षक ही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची जबाबदारी आहे, असे विद्यापीठ म्हणेल. हे आम्हाला मान्य नाही. पदवी तुम्ही देता, तर पदवीचे पुढे काय झाले हे पाहायला तुम्हीच आले पाहिजे. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी १९८७ पासून विद्यापीठांत उजळणी वर्गांची सोय झाली. शाळेतला शिक्षक त्या दारातून कधी आत गेला नाही. आणि विद्यापीठ गावात येऊ शकत नाही, हेही खरे नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ खेड्यांतल्या शिक्षकांसोबत बसले, पुस्तके आणि प्रयोग त्यांनी मिळून घडवले. पुढे तो शेकडो शाळांत गेला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला, पण तीस वर्षे तो चालला, हे कोणाला पुसता येणार नाही.

आता थोडे आपल्याच घरात. सगळा दोष शासनाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला संस्था चालवण्याचा हक्क दिला. त्या हक्काखाली काही ठिकाणी काय चालते, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. नेमणुकीसाठी रक्कम, तुटपुंजे मानधन, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. अशा शिक्षकाकडून समाज मुलांच्या प्रगतीची अपेक्षा ठेवतो. टीईटीतून सवलत मागायचा हक्क संस्थांना असेलही. पण सवलत मागताना 'आमच्या शिक्षकांची आम्ही याहून चांगली तयारी करतो' हे दाखवता आले पाहिजे. नुसते कलम दाखवून मुलाला भागाकार येत नाही.

दरवर्षी ९ जानेवारीला आपण फातिमा शेख यांच्या तसबिरीला हार घालतो. जानेवारी २०२५ मध्ये त्या होत्या की नव्हत्या, असाच वाद उभा केला गेला. आपण तावातावाने उत्तरे दिली, ती द्यायलाच हवी होती. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आपल्या माघारी कामाचा भार वाहणाऱ्या फातिमेचा उल्लेख आहे, तो पुरेसा बोलका आहे. पण सावित्रीबाईंनी अहमदनगरला आणि पुण्याला शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले होते, हे आपण किती वेळा सांगतो? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षक मागितले. तेही शेतकरी समाजातले, नांगर हाती धरू शकणारे. मुलाचे घर ज्याला ठाऊक आहे, असा तयारीचा शिक्षक, ही मागणी तेव्हापासूनची आहे. आजच्या फातिमा परभणी, जिंतूर, मानवत, पाथरीच्या मोहल्ल्यांत बारावी होऊन बसल्या आहेत. त्यांना कोण तयार करणार, या वादात आपण तेवढ्याच तावाने उतरायला हवे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. नांदेडच्या आणि उर्दू विद्यापीठाने करार करून मराठवाड्यातल्या उर्दू शाळांसाठी एक विस्तार केंद्र उघडावे, ते परभणीत असावे. बी.एड.च्या विद्यार्थ्यांचे वीस आठवडे उर्दू शाळांत खरोखर जावेत, त्यांचे निरीक्षण उर्दू जाणणाऱ्यानेच करावे, आणि ज्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात ते शिकतात त्याला विद्यापीठाने मार्गदर्शक म्हणून मान आणि मानधन द्यावे. मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचा अभ्यासक्रम आमच्या वह्या, आमच्या मुलांच्या चुका समोर ठेवून आमच्यासोबत तयार करावा. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर बदली शिक्षक मिळावा, नाहीतर प्रशिक्षणाच्या नावाखाली अर्धी शाळा बंद पडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये दरवर्षी पन्नास तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. त्यातले निम्मे तास तरी मोबाइलच्या पडद्यावर न जाता आमच्या वर्गात जावेत. आणि आपल्या शिक्षणसंस्थांनी या कामात जागा, वाचनालय आणि माणसे देऊन भागीदार व्हावे.

निकालाने दिलेली मुदत दोन वर्षांची. तिची आठवण शिक्षकाला रोज करून दिली जाते. विद्यापीठाला आणि संस्थाचालकांना मात्र कोणतीही मुदत नाही. आम्ही परीक्षेला बसू, उत्तीर्णही होऊ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात वेलांटी गाळणारे तेच मूल असेल. त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून आमचा पाठ पाहणारे आणि नंतर आमच्याशी बोलणारे विद्यापीठाचे कोणी तरी माणूस आम्हाला हवे आहे. शेतकऱ्याच्या बांधावर ते पन्नास वर्षांपूर्वीच आले. शाळा बांधापासून लांब नाही.